सायलेन्सर नवा आला, जुना गेला कुठं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी आवाजासाठी सायलेन्सर बदलला नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ही हकीकत ज्याला सांगावी तो आधी हसतो आणि म्हणतो, "या वयात फटफटाट कशाला हवा होता?" माझी थार 2018 ची, सीआरडीई. राहायला कोल्हापुरात, शेत गगनबावड्याकडं. तिकडच्या पावसात लोखंडाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. मागचा डबा खालून सडला होता, मधल्या पाइपला भोक पडलं होतं, आणि हँगर तुटून पाइप ऐन घाटात लोंबायला लागला होता. बदलायचाच होता. कंपनीचा तसाच सेट पुन्हा बसवायचा, की थोडे पैसे घालून जरा मोठ्या पाइपाचं, न गंजणारं काम करून घ्यायचं, एवढाच प्रश्न. मी दुसरा मार्ग धरला. तो विचार तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. गाठ मात्र भलत्याच गॅरेजवाल्याशी पडली.

विचार बरोबर का, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे 'हौस' हा शब्द पुन्हा कुणी काढणार नाही. टर्बो डिझेलमध्ये इंजिनातून निघणारा गरम वायू आधी टर्बोचं चाक फिरवतो आणि मग पाइपात जातो. ओढ्यावरची पाणचक्की जशी. खालच्या अंगाला पाणी तुंबलं की चक्की मंदावते. टर्बोच्या मागचा पाइप मोकळा असला की टर्बो लवकर पकडतो आणि लांब चढावर इंजिनावरचा ताप थोडा कमी होतो. "बॅक प्रेशर थोडं लागतंच" असं गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगतात, ते टर्बोनंतरच्या पाइपाला लागू नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला त्या गॅरेजवाल्यानं सांगितली नाही. डिझेल किती मारायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. पाइप कितीही मोठा करा, ईसीयू आपणहून जादा डिझेल देत नाही, आणि डिझेल वाढल्याशिवाय ताकद फारशी वाढत नाही. थारच्या या 2498 सीसी इंजिनाची ताकद 105 बीएचपी आणि टॉर्क 247 न्यूटन मीटर, तोही 1800 ते 2000 आरपीएमच्या टप्प्यात. नुसत्या पाइपानं फरक पडतो तो पिकअपमध्ये, चढावर, गियर कधी बदलावा लागतो त्यात. जो कुणी आकडा सांगून हॉर्सपॉवर विकतो, त्याला आधीचं आणि नंतरचं माप दाखवायला सांगा.

महामार्गालगतचं ते गॅरेज दिसायला झकास. फरशी चकचकीत, कॉफीचं मशीन, भिंतीवर परदेशातल्या चिखलाने माखलेल्या गाड्यांचे फोटो. मालक तिशीतला, गोड बोलणारा, दर वाक्याला 'सर'. गॅरेजचं नाव आणि गाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तो म्हणाला, "सर, तीन इंची टाकू. वीस हॉर्सपॉवर कुठं गेली नाही." वीस कुठून आली, असं विचारलं तर हसला. डायनो नाही, माप नाही, सगळा तोंडी हिशेब.

तीन इंचांचं हे खूळ ऑस्ट्रेलियातून आलंय. तिथं लँड क्रूझरला, निसान पॅट्रोलला तीन इंची पाइप घालतात आणि ते ठीकच आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची डिझेल इंजिनं 4.2 आणि 4.5 लिटरची. आमचं अडीच लिटरचं. दोन इंचांचा पाइप अडीचवर नेला तरी आतलं क्षेत्रफळ दीडपटीच्या वर जातं. तीनवर नेला तर सव्वादोनपट होतं. एवढा पाइप भरायला तेवढा वायू तर हवा! शिवाय फोर बाय फोरच्या पोटाखाली जागा कुठं असते? ट्रान्सफर केस, पुढच्या ॲक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस मेंबर, डिझेलच्या नळ्या. तीन इंची पाइप त्यातून न्यायचा म्हणजे तो कशाला तरी घासणार, नाहीतर खाली लोंबणार. मी अडीचवर अडून बसलो. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे सर, तुमची गाडी."

त्याच रात्री मी व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवलं. पाइप अडीच इंची, एसएस 304 चा. टर्बोनंतर फ्लेक्स. मधे रेझोनेटर. कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आहे तसाच राहील, काढायचा नाही. जुने पार्ट परत. उत्तरादाखल अंगठा आला. नुसता अंगठा. तो संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे. पुढं जे झालं त्यात "तुम्हीच नीट सांगितलं नसेल" असं म्हणणारे बरेच भेटले. त्या प्रत्येकाला मी तो दाखवला.

गाडी द्यायला त्यानं संध्याकाळ केली. अंधार पडत आलेला, रॅम्पवर दुसरी गाडी चढवून ठेवलेली. खालून बघायचंय म्हटलं तर, "सर, फोटो पाठवलेत की." फोटोत मागचं चकचकीत टोक, तेही तीन बाजूंनी. जुने पार्ट? "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला सर, सडलेलेच तर होते." बिलावर 'एसएस एक्झॉस्ट कम्प्लीट' एवढे तीन शब्द आणि खाली 32 हजारांचा आकडा. कसली ग्रेड, किती इंच, मफलर कुठला, काही नाही. मी विचारलं, तर हात जोडून म्हणाला, "सर, विश्वास आहे ना?"

खरं ते सांगतो, पहिल्या दिवशी गाडी बरी वाटली. करूळ घाट दुसऱ्या गियरवर चढताना टर्बो थोडा आधी पकडतोय हे जाणवलं. जिथं खाली गियर टाकावा लागायचा तिथं दोनचार ठिकाणी लागला नाही. वीस हॉर्सपॉवर मात्र कुठंच सापडली नाही.

मग घुमारा सुरू झाला. टॉप गियरला, ऐंशीच्या आसपास, गाडीत असा आवाज कोंडायचा की शेजारच्याशी बोलता येईना. सत्तरला नाही, नव्वदला कमी, ऐंशीला हमखास हजर. आई मागं बसायची. ती कानावरून पदर घ्यायला लागली आणि शेवटी म्हणाली, "तू हो पुढं, मी एसटीनं येते." फोन केला तर मालक म्हणतो, "नवीन आहे सर, सेट होईल." इंजिन सेट होतं, बूट सेट होतो, पाइपातला घुमारा होत नाही. ठरावीक आरपीएमला पाइपाची लांबी आणि आवाजाची लहर जुळली की तो येतो, आणि तो मारण्यासाठीच मधला रेझोनेटर असतो. तो बसवला असता तर आवाज आला नसता. बसवला नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण सांगून, लिहून, अंगठा घेऊन झाल्यावर माणसानं आणखी काय करायचं?

दुसरी गोष्ट वासाची. सकाळी गाडी चालू करून मागून वळसा घेतला की डिझेलचा उग्र दर्प यायचा आणि डोळे चुरचुरायचे. पूर्वी असं नव्हतं. मी पीयूसी काढून आणली. गाडी पास! ते कळवल्यावर मालकाचा आवाज एकदम चढला. "बघा सर, पीयूसी पास म्हणजे विषय संपला."

विषय संपत नाही, आणि हे डिझेलवाल्या प्रत्येकानं डोक्यात पक्कं करून ठेवावं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलच्या पीयूसीत गाडी रेस करून फक्त धुराचा दाटपणा मोजतात. बीएस 4 डिझेलला त्या दाटपणाच्या के-आकड्याची मर्यादा 1.62. इंजिन निरोगी असेल तर कॅट असो वा नसो, हा आकडा सहज निघतो. कॅटचं मुख्य काम धूर गाळणं नाहीच. न जळलेलं डिझेल, कार्बन मोनॉक्साइड आणि तो दर्प जाळून टाकणं हे त्याचं काम, आणि त्यातलं काहीही पीयूसीवाला मोजत नाही. ज्याला लबाडी करायची असते त्याला हे पाठ असतं.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक वेल्डर मामा आहेत. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून आयुष्य वेल्डिंगमध्ये गेलेलं. त्यांच्याकडं पिट आहे. गाडी उभी केली, मामा खाली उतरले आणि हातातल्या पान्याच्या दांड्यानं सगळीकडं ठोकत गेले. मागच्या डब्यावर मारलं, बद्द आवाज आला. कॅटच्या डब्यावर मारलं, टण्ण! मामांनी परत मारलं. परत टण्ण. माझ्याकडं बघून म्हणाले, "पोकळ हाय की ह्यो."

मग आरसा आणि टॉर्च घेऊन आम्ही वरची बाजू बघितली, जी चेसीकडं तोंड करून असते आणि सहसा कुणाला दिसत नाही. डब्याला तिथं वीतभर चौकोनी काप घेतलेला, आणि तो पत्रा परत लावून वेल्डिंग मारलेलं. बाकीचा डबा तांबूस गंजलेला. चार रेघा तेवढ्या नव्या. त्या लपवायला चंदेरी स्प्रे मारला होता, पण उष्णतेनं त्याचे पोपडे सुटून खालचं वेल्डिंग उघडं पडलं होतं. पाइप सोडवला. मामांनी एका टोकाला टॉर्च धरला आणि मी दुसऱ्या टोकाला डोळा लावला. जिथं बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असायला हवी, तिथून मला मामांची मिशी दिसली.

राग नंतर आला. त्या क्षणी आधी सगळे तुकडे पटापट जुळले. गाडी संध्याकाळी का दिली, रॅम्प का अडवला, जुने पार्ट सकाळीच कसे गेले, पीयूसीचं नाव काढताच त्याला एवढं बळ का आलं. त्या विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा थर असतो. भंगारवाले कॅट किलोवर घेत नाहीत, त्याचा भाव वेगळा असतो. मी 32 हजार मोजून सायलेन्सर घेतला होता, आणि वर माझाच माल त्याला फुकट देऊन आलो होतो.

त्याला फोन लावला. पहिलं उत्तर, "आधीपासून रिकामा असेल सर. गाडी सेकंड हँड का?" नाही, पहिला मालक मीच. दुसरं उत्तर, "मग सर्व्हिसिंगला कुणीतरी काढला असेल." तिसरं, त्याच फोनवर, पाच मिनिटांच्या आत: "सर, तुम्हीच म्हणालात ना, गाडी मोकळी करा." मी त्याला माझा संदेश वाचून दाखवला, 'काढायचा नाही' हे शब्द दोनदा. थोडा वेळ शांतता. मग, "सर, मिस्त्री गावाला गेलाय. आला की विचारतो." तो मिस्त्री कुठल्या गावाला गेला देव जाणे, अजून परतलेला नाही.

एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. गाडी पहिल्यांदा रॅम्पवर चढवली तेव्हा माझ्या भाच्यानं हौसेनं खालून व्हिडिओ काढला होता, मित्रांना दाखवायला. त्यात कॅटची वरची कड ओझरती पण स्पष्ट दिसते, अखंड, बिनजोडाची. तो व्हिडिओ आणि नवे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले, ग्राहक आयोगात जातो म्हणून लेखी नोटीस दिली, तेव्हा कुठं सूर बदलला. निम्मे पैसे परत आले. तेही उपकार केल्यासारखे, "सर, रिलेशन महत्त्वाचं" या वाक्यासकट. कॅटबद्दल अवाक्षर नाही. नवा कंपनीचा घ्यावा लागला, आणि त्याची किंमत ऐकून मी काउंटरसमोरच्या खुर्चीत बसलो.

बाकीचं काम मामांनी उलगडलं तेव्हा एकेक नमुना बाहेर आला. त्यातूनच जे शिकलो ते पुढच्यांसाठी लिहितो.

सगळ्यात आधी, जुना माल. काम सुरू होण्यापूर्वी गाडी रॅम्पवर घ्या आणि कॅट, पाइप, डबे यांचे चारही बाजूंनी फोटो काढा, वरची बाजू आरसा धरून. कॅटवर ऑइल पेंटनं किंवा पंचनं स्वतःची खूण करा. जे निघेल ते, सडलेलं असलं तरी, पोत्यात घालून गाडीत टाकायला सांगा. नको असेल तर भंगारात तुम्ही विका. जो मेकॅनिक जुना माल द्यायला कुरकुरतो, तिथून गाडी काढून घ्या. यात अपवाद नाही.

स्टील. 304 सांगून 202 घालणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे. लोक चुंबक लावून बघतात. चिकटला नाही की खूश. 202 लाही चुंबक चिकटत नाही! फरक आतल्या धातूंत. 304 मध्ये निकेल साधारण 8 टक्क्यांच्या वर असतं. 202 मध्ये ते निम्म्यावर येतं आणि त्याची भर मँगनीजनं काढलेली असते. ओळखायचं असेल तर स्टीलच्या व्यापाऱ्यांकडं छोटी बाटली मिळते. पाइप घासून थेंब टाकायचा, 9 व्होल्टच्या बॅटरीच्या तारा लावायच्या. मँगनीज जास्त असेल तर थेंब लाल होतो. माझा लाल झाला. एक पावसाळा जेमतेम झाला होता आणि वेल्डिंगच्या कडेनं तपकिरी ओघळ धरले होते. उलट कंपनीचा मूळ पाइप चुंबकाला चिकटतो म्हणून तो हलका समजू नका. कंपन्या 409 वापरतात, ते वरून गंजतं पण चांगलं टिकतं. नुसतं 'एसएस' बिलावर मान्य करू नका. ग्रेडचा आकडा लिहून घ्या.

वाक. पैसे अडीच इंचांचे घेतले आणि वाकांवर पाइप चेपून अंडाकृती झालेला. मशीननं दाबून वाकवला की असंच होतं; आत मँड्रेल घालून वाकवला तर गोलाई टिकते. मामांनी कॅलिपर लावला तर एका वाकाला आडवं माप जेमतेम दोन इंच. म्हणजे जो मोकळेपणा विकत घेतला तो त्या वाकाजवळच संपला. तयार मँड्रेल वाक मिळतात; ते आणून सरळ पाइपाला जोडायला लावा.

फ्लेक्स. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रेस दिली की हलतं. पाइप चेसीला टांगलेला. या दोघांच्या मधे जाळीचा लवचिक तुकडा नसेल तर सगळा ताण टर्बोच्या फ्लँजवर येतो. माझ्या गाडीत तो नव्हताच, सरळ पाइप. फ्लँजच्या कडेला काजळीचं काळं पीस उमटलं होतं. तिथून गॅस गळत होता आणि एसी लावला की वास आत यायचा. पुढं स्टड तुटला असता तर खर्च टर्बोपर्यंत गेला असता. कुणी म्हणेल "फ्लेक्स फाटतो, कशाला हवा?" फाटू दे. तो फाटावा म्हणूनच असतो.

मफलर. आरपार जाळीचा पाइप आणि भोवती काचेची लोकर, हा प्रकार टर्बो डिझेलला चालतो, कारण बराच आवाज टर्बोच मारतो. पण स्वस्त मफलरमधली लोकर चिखलपाण्यात भिजून, जळून उडून जाते आणि मग डब्यात नुसती जाळी उरते. शिवाय तेवढ्यावर ऐंशीचा घुमारा जात नाही. मामांनी मधे रेझोनेटर घातला आणि घुमारा गेला. आई परत थारमध्ये बसते. समोरच्या सीटवर बसते आणि अधूनमधून "आता बरं आहे" म्हणते.

जागा. फोर बाय फोर सपाट जमिनीवर उभी असताना पाइप कुठंच लागत नाही. लागतो तो चाक खड्ड्यात गेल्यावर. म्हणून फिटिंग झाल्यावर एक चाक ठोकळ्यावर चढवा, तिरकं दुसरं लोंबू द्या, आणि मग खाली जाऊन बघा. प्रोपेलर शाफ्ट, ॲक्सल, ब्रेकच्या नळ्या यांपासून पाइप लांब हवा. डिझेलच्या नळीपासून किमान 35 मिलिमीटर अंतर हवं. हे माझं मत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 113 वा नियम आहे. डबा चेसीच्या खालच्या पातळीपेक्षा खाली लोंबत असेल तर पहिल्याच दगडाला तो अर्पण होणार. रबरी हँगर पाइपाला चिकटून नकोत. माझा एक वितळून त्याची लाळ झाली होती.

वेल्डिंग गाडीवरच करणार असतील तर बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या शेजारीच लावू द्या. भलतीकडं लावला तर करंट टर्बोच्या बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो आणि ईसीयूवरही बेतू शकतं. पाचशे किलोमीटर झाले की सगळे नट परत आवळून घ्या. तापून निवून ते ढिले होतात.

बाकी नेहमीचं, पण लिहितो. दोन ठिकाणी विचारा. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका. गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्या. खालून बघितल्याशिवाय उरलेले पैसे काढू नका. गोड बोलणाऱ्यापासून जपून राहा; काम येणारा माणूस सहसा एवढं बोलत नाही.

आता कायद्याचं. सडलेल्या सायलेन्सरच्या जागी त्याच तोडीचा बसवणं वेगळं आणि गाडीचं मूळ रूप बदलणं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते आणखी पक्कं केलं. 182 ए कलमाखाली मालकाला दर बदलामागं 5 हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर 190 व्या कलमाखाली दंड 10 हजारांपर्यंत जातो. नीट वाचा: मालकाला. कॅट त्यानं विकला, आणि पकडला गेलो असतो तर चलन माझ्या नावावर फाटलं असतं. पुण्यात पोलिसांनी मोठ्या आवाजाचे सायलेन्सर रोड रोलरखाली घातल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. गॅरेजवाले रोलरखाली येत नाहीत. विम्याचंही तेच. बदल कळवला नसेल तर ऐन अपघातात कंपनी त्यावर बोट ठेवते.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 डिझेलवाल्यांना एकच सांगणं, टर्बोपासून डीपीएफपर्यंत, म्हणजे काजळी गाळणाऱ्या फिल्टरपर्यंत, हात लावू देऊ नका. त्या भागात तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर असतात. काजळी साठली की ईसीयू जादा डिझेल देऊन ती सहाशे अंशांच्या आसपास जाळतो. "डीपीएफ काढून सॉफ्टवेअर मारून देतो" असं म्हणणारे ठिकठिकाणी आहेत. ते गाडी आणि वॉरंटी दोन्ही एकदम संपवतात. फार तर मागचा डबा बदला, तोही सगळ्या सेन्सरनंतरचा.

आणि फसलात तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, आणि 1915 हा हेल्पलाइनचा नंबर आहे. नोटीस गेली की गावाला गेलेले मिस्त्री परत येत नसले तरी पैसे थोडेफार येतात. मी निम्म्यावर मिटवलं, कारण आईचं आजारपण मधे आलं. नाहीतर सोडला नसता.

मध्यंतरी एका मित्रानं सांगितलं, त्या गॅरेजच्या भिंतीवर आता माझ्या थारचाही फोटो लागलाय. मागून काढलेला, चकचकीत टोकाचा, खाली मोठ्या अक्षरांत 'स्टेज वन'. कुणाला खालून काढलेला बघायचा असेल तर तो माझ्याकडं आहे. मागेल त्याला पाठवतो.